पाच आकड्यांची ओळ

‘डस्ट कलेक्टर ओढत नाही.’ फाउंड्रीतली ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यावरची उत्तरंही नेहमीचीच. बॅगा बदला, ब्लोअरची पुली बदला, मोठी मोटर टाका. यातलं प्रत्येक उत्तर कधी ना कधी कुठेतरी लागू पडलेलं असतं, म्हणून ती टिकून आहेत. पण या विषयातली खरी देखणी गोष्ट मला दुरुस्तीत दिसत नाही. ती दिसते दुरुस्तीच्या आधीच्या वाचनात. काचेची यू-नळी, तिच्यात थोडं रंगीत पाणी, हातभर रबरी नळी आणि डक्टला पाडलेली पाच बारीक भोकं. एवढ्या सामानावर पाच आकडे मिळतात. ते ओळीने मांडले की हवा कुठे अडली आहे, हे यंत्राचा एकही नट न सोडता सांगता येतं. इतकी काटकसरी आणि इतकी खरी रचना मला तांत्रिक जगात फार थोड्या ठिकाणी भेटली आहे. तिचा आस्वाद घ्यावा म्हणून हे लिहितो आहे.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात ग्रीन सँड फाउंड्र्या आहेत, त्यांचंच उदाहरण घेऊ. वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचे साचे, त्यांत ओतलेलं लोखंड, आणि लोखंड गोठल्यावर नॉकआउटच्या हादरणाऱ्या जाळीवर तो साचा फोडायचा. त्या क्षणी धूळ, वाफ आणि उष्णता एकदम उसळतात. जाळीच्या कडेला हूड असतो, हूडपासून डक्ट निघतो आणि तो बॅगफिल्टरच्या घरात शिरतो. आत नीडल फेल्टच्या लांब पिशव्या लोखंडी पिंजऱ्यांवर चढवलेल्या असतात. मळकी हवा पिशवीच्या बाहेरून आत जाते, धूळ कापडाच्या बाहेरच्या अंगाला राहते, स्वच्छ झालेली हवा वरून निघते आणि ब्लोअरमधून चिमणीत जाते. ब्लोअर शेवटी बसवलेला, त्यामुळे त्याच्या अलीकडचा सगळा मार्ग उणे दाबाखाली.

अशा मध्यम आकाराच्या, नीट बसवलेल्या यंत्रणेची चांगल्या दिवसाची ओळ मिलिमीटर पाण्यात मांडली तर ती साधारण अशी धरता येईल. हूडच्या गळ्याशी उणे ४०, बॅगफिल्टरच्या तोंडाशी उणे ११०, पिशव्यांच्या पलीकडे स्वच्छ बाजूला उणे २१०, ब्लोअरच्या तोंडाशी उणे २२५ आणि ब्लोअरच्या पुढे अधिक १५.

आता ही ओळ सावकाश वाचू. पहिले ४० म्हणजे उभ्या हवेला धावायला लावण्याची किंमत. फाउंड्रीची धूळ डक्टमध्ये बसू नये म्हणून हवा सेकंदाला २० मीटरच्या आसपास पळावी लागते. त्या वेगासाठीच सुमारे २५ मिलिमीटर लागतात, उरलेले १५ हूडच्या कडांवर हवा वळताना जे भोवरे होतात त्यांत जातात. पुढचे ७० डक्टच्या घर्षणाचे आणि बेंडचे. त्यापुढचे १०० पिशव्यांचे, ज्यांना सगळे ‘डीपी’ म्हणतात. मग १५ ब्लोअरपर्यंतच्या डक्टचे आणि शेवटचे १५ चिमणीचे. सगळे मिळून २४०, आणि ते पुरवणारा एकटा ब्लोअर. खर्च कुठे किती झाला याचा इतका चोख हिशेब दुसऱ्या कुठल्याच मोजमापाने मिळत नाही.

या ओळीतला पहिला आकडा सर्वांत बोलका आहे. हूडच्या गळ्याशी येणारा दाब हवेच्या प्रमाणाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. तिथे ४० च्या जागी १० दिसले तर हवा पावपट झाली असं नाही, ती निम्मी झाली. वर्गमूळ काढायचं, बस. ओढ किती कमी झाली याचं उत्तर देणारा हा एकच आकडा आहे, आणि नेमकं इथेच मोजायला भोक पाडलेलं नसतं. पॅनेलवर ठसठशीत डायल असते ती डीपीची. लॉगबुकात दर पाळीला भरला जातो तोही डीपीच. डीपी सांगतो पिशव्यांविषयी. हवेविषयी तो एकटा काहीच खात्रीने सांगू शकत नाही.

हे पटवायला एक वाईट दिवसाची ओळ घेऊ. हूडशी उणे १०, बॅगफिल्टरच्या तोंडाशी उणे १७५, स्वच्छ बाजूला उणे २२५, ब्लोअरशी उणे २२९, पुढे अधिक ४. लॉगबुक काय म्हणतं? डीपी ५०. एरवी १०० असतो, आज निम्मा, म्हणजे पिशव्या एकदम निरोगी. पाळीचा माणूस समाधानाने सही करतो आणि तिकडे नॉकआउटवर धुळीचा लोट उभा. पिशव्यांवरचा दाब निम्मा झाला कारण त्यांच्यातून जाणारी हवाच निम्मी झाली. खरी गोष्ट पहिल्या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत आहे. १० पासून १७५ पर्यंत. निम्म्या हवेला त्या डक्टमध्ये १७-१८ मिलिमीटर लागायला हवे होते, लागले १६५. डक्ट भरलेला आहे.

आता हातोडा लागतो, पण हलका. आडव्या डक्टच्या खालच्या अंगावर टकटक करत चालायचं. रिकामा पत्रा खणखणतो, वाळू बसलेला पत्रा बद्द आवाज देतो. जिथे आवाज बदलतो तिथून पुढे किती लांब वाळू आहे तेही असंच कळतं. पण वाळू उपसून थांबायचं नाही, ती बसली का हे विचारायचं. बहुधा त्या डक्टला कोणीतरी नंतर एक फाटा जोडलेला असतो, फेटलिंगच्या नव्या टेबलासाठी. जोडणाऱ्याला वाटतं, ब्लोअर एवढा मोठा आहे, एक तोंड वाढलं तर काय बिघडतं. हवा मात्र सोप्या वाटेने येते. जवळच्या नव्या तोंडातून ती भरपूर शिरते, दूरच्या नॉकआउटच्या डक्टमध्ये वेग २० वरून १२-१३ वर उतरतो आणि तिथपासून वाळू खाली बसू लागते. वाळू बसली की वाट अरुंद, वाट अरुंद झाली की हवा आणखी त्या नव्या तोंडाकडे. शाखांवरच्या सरकत्या गेटांशी खेळ झाला तरी हेच होतं. म्हणून मुळात बॅलन्स केलेल्या जागी गेट वेल्डिंगच्या टाक्याने पक्कं करून ठेवणाऱ्या माणसाविषयी मला नेहमी आदर वाटतो.

दुसरी ओळ याहून सुंदर आहे, कारण तिच्यात कुठेच दरी नाही. उणे १०, उणे २८, उणे ७८, उणे ८२, अधिक ४. प्रत्येक टप्पा आपापल्या प्रमाणात आखडलेला. हवा निम्मी, डक्टचा खर्च पावपट, पिशव्यांचा निम्मा. अडथळा कुठेच नाही, ताकदच नाही. ही ओळ वाचल्यावर बॅगफिल्टरच्या शिडीवर चढायचं कारण उरत नाही, थेट ब्लोअरपाशी जायचं. बेल्ट सैल पडून घसरत असेल. पंख्याची पाती वाळूने झिजली असतील. किंवा पंखा उलटा फिरत असेल.

उलटा पंखा ही या सगळ्या शास्त्रातली माझी आवडती चकवणूक. मोटर रिवाइंडिंग होऊन परत येते, तीनपैकी दोन फेजच्या वायरी अदलाबदल होऊन जोडल्या जातात आणि मोटर उलटी फिरू लागते. आपल्याला वाटेल की आता हवा हूडमधून बाहेर फेकली जाईल आणि चूक पाच मिनिटांत सापडेल. तसं होत नाही. सेंट्रिफ्युगल ब्लोअरमध्ये हवा मध्यातून शिरते आणि परिघावर फेकली जाते. पंखा कुठल्याही दिशेने फिरला तरी ती परिघाकडेच जाणार आणि शंखासारखं कवच तिला त्याच तोंडातून बाहेर काढणार. दिशा बरोबर, आवाज जवळपास तोच, हूडवर धरलेला कागद चिकटतो, फक्त हवा बरीच कमी. लोक आठवडेच्या आठवडे पिशव्या झटकत बसतात. कवचावर बाण कोरलेला असतो. मोटर बंद करून क्षणभर झटका द्यायचा, शाफ्ट थांबत आला की कुठल्या बाजूला फिरतोय ते बाणाशी ताडून पाहायचं. सारं निदान तेवढ्यात होतं.

इथे अँपिअर मीटरही साक्षीला घ्यावा, पण जपून. या जातीच्या ब्लोअरला हवा जास्त ओढावी लागली की करंट वाढतो आणि डक्ट तुंबला की तो उतरतो. करंट उतरला म्हणजे मोटरला आराम मिळाला, असं मानून खूश होणारे कमी नाहीत. मोटरला आराम मिळतोय तो तिला काम उरलेलं नाही म्हणून.

तिसरी ओळ पिशव्यांची. हूडशी उणे १४, बॅगफिल्टरच्या तोंडाशी उणे ३९, स्वच्छ बाजूला उणे २५०, ब्लोअरशी उणे २५५, पुढे अधिक ५. हवा सुमारे साठ टक्क्यांवर आलेली. डक्टने तेवढ्या हवेला शोभेल एवढंच घेतलं आहे आणि मध्ये २११ ची उडी. म्हणजे पिशव्या. ‘बघा, सांगितलं होतं ना, बॅगा चोक’ असं म्हणणारा इथे बरोबर ठरला. पण पिशव्या बदलल्या तर नव्याही त्याच वाटेने जातील, हे तो सांगत नाही. पिशव्या चोक होतात याचा अर्थ बहुतेक वेळा त्यांना झटकणारी व्यवस्था कुठेतरी थकलेली असते.

खरं तर हवा गाळायचं काम फक्त कापड करत नाही. कापडावर धुळीचा पातळ थर बसतो आणि तो थरच मुख्य गाळणी होतो. बारीकातला बारीक कण त्या थरात अडकतो. म्हणून पिशवी पूर्ण स्वच्छ करायची नसते, थर ठरावीक जाडीपुढे गेला की वरचा भाग तेवढा पाडायचा असतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात पुढे आलेली पल्स-जेट पद्धत हे काम यंत्र चालू असतानाच करते. पिशव्यांच्या एका ओळीवर ५-६ बार दाबाची हवा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढा वेळ सोडायची. पिशवी पिंजऱ्यावरून फुगून बाहेर उसळते, झटक्यात थांबते आणि थर खपल्यांनी खाली हॉपरमध्ये पडतो. मग पुढची ओळ. थर धरू द्यायचा आणि तरी वाढू द्यायचा नाही, या दोन टोकांमध्ये यंत्र दिवसभर चालतं. मला या कल्पनेचं कौतुक अजून सरलेलं नाही.

इथे डोळ्यांइतकेच कान लागतात. झटक्याची हवा साठवणाऱ्या हेडरपाशी उभं राहावं आणि एक पूर्ण फेरी ऐकावी. निरोगी व्हॉल्व्हचा आवाज आखूड आणि भरीव, ‘ठाप’. त्याबरोबर हेडरचा काटा खाली जातो आणि पुढच्या ठोक्याआधी पुरता वर येतो. मध्येच एखादा ठोका आलाच नाही तर त्या ओळीचा सोलेनॉइड गेला. ठोक्याऐवजी लांबट ‘फुस्स’ आलं तर डायफ्राम. डायफ्राम फाटला की त्याची एकच ओळ आजारी पडत नाही, त्या फटीतून हेडरची हवा सतत निसटते, काटा वर चढतच नाही आणि उरलेले सगळे व्हॉल्व्ह धडधाकट असूनही लुळे पडतात. फुटक्या नळीने शहाळं प्यायला जावं तसं होतं, ओढणारा कितीही जोर लावो. शंभरेक पिशव्यांचं दुखणं एका रबरी चकतीत असू शकतं.

डीपी वाढला की टायमरला हात घालायचा मोह होतो. वीस सेकंदांनी झटकतोय ना, मग आठ सेकंदांनी झटकू. हा उपाय इतका सरळ वाटतो की त्याचा अपाय लक्षात येत नाही. कंप्रेसरकडून येणारी पाइप बारीक असेल तर आठ सेकंदांत हेडर भरत नाही. दुसरा ठोका साडेतीन बारवर पडतो, तिसरा त्याहून कमी. ठोके दुप्पट-अडीचपट झाले आणि एकालाही थर पाडण्याची ताकद राहिली नाही. अशा वेळी अंतर वाढवून डीपी खाली आणणं हे पाहणाऱ्याला उलटं वाटतं, पण ते बरोबर असतं.

पिशवी उतरवून पाहायची ती याच्यानंतर, आणि एकच. अंगठ्याच्या नखाने तिच्यावर ओरखडा काढावा. थर सुटा, कोरडा, पिठासारखा गळला तर कापड ठीक आहे, झटका कमी पडतो आहे. वरचा थर पडला तरी फेल्ट आतून काळपट आणि ताठ राहिलं तर बारीक धूळ कापडाच्या पोटात शिरली आहे, म्हणजे कधीतरी कापडाच्या मानाने फार हवा ओढली गेली. आणि नखाखाली गिलाव्यासारखा कडक पापुद्रा आला तर पाणी. ग्रीन सँडच्या धुळीत बेंटोनाइट असतं, आणि पाणी पिऊन फुगणं, चिकटणं हा तर त्याचा गुणधर्म. त्याच गुणावर साचा उभा राहतो, त्याच गुणाने पिशवी मरते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे हमखास पाहायला मिळतं. सुट्टीनंतरच्या सकाळी डक्ट आणि घर गार असतात, पहिल्या साच्यांची वाफ आत शिरते, थंड पत्र्यावर आणि कापडावर तिचं पाणी होतं. शिवाय कंप्रेसरच्या टाकीचं पाणी रोज सोडलं नसेल तर प्रत्येक ठोक्याबरोबर पिशवीच्या आतून फवारा. जाणते लोक काम थांबल्यावरही ब्लोअर आणि पल्सिंग पंधराएक मिनिटं चालू ठेवतात. ओल निघून जाते, थर पडतो आणि रात्र कोरडी जाते. विजेचं बिल दाखवून ही पंधरा मिनिटं कापली जातात तेव्हा मला वाईट वाटतं.

हॉपर विसरू नये. हॉपरच्या पत्र्यावर पोचे दिसले तर धूळ आत चिकटते आणि माणसं हातोडे मारून पाडतात हे कोणी न सांगता कळतं. खालच्या रोटरी व्हॉल्व्हची पाती झिजली की उणे दाबामुळे बाहेरची हवा खालून वर येते, पडणाऱ्या धुळीला उचलून परत पिशव्यांवर नेऊन ठेवते. पिशवी झटकली जाते, धूळ सुटते, आणि तीच धूळ पुन्हा तिच्यावर बसते.

एक दोष या पाच आकड्यांत दिसतच नाही. आकडे अचूक, ४०, ११०, २१०, २२५, १५, आणि तरी धूळ सुटते. मग हूडकडे पाहावं. क्रेनची साखळी अडकते म्हणून तो कोणीतरी वर सरकवलेला असतो. फुंकर दूरवर जाते, ओढ जात नाही. संशोधक डॅलाव्हॅले यांनी १९३० च्या दशकात मोजमाप करून यासाठी जे सूत्र दिलं ते आजही वापरात आहे. त्यानुसार १५ सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या तोंडापासून तेवढ्याच अंतरावर हवेचा वेग तोंडावरच्या वेगाच्या सात टक्क्यांवर येतो, आणि दुप्पट अंतरावर दोन टक्क्यांवर. वीतभर मागे सरकलेला हूड म्हणजे जवळजवळ नसलेला हूड. पंख्याची ताकद वाढवून हे अंतर भरून निघत नाही. हूड जागेवर आणावा, तोंडाला भोवती पत्र्याची कड लावावी. कडेमुळे मागची निरुपयोगी हवा येणं थांबतं आणि पावभर हवा वाचते.

हे सगळं इतकं मन लावून वाचायचं कारण फाउंड्रीच्या धुळीत सिलिका असते. तिचा फुफ्फुसात खोल जाणारा कण डोळ्यांना दिसत नाही. काळोखात तिरका प्रखर झोत टाकला तरच तो चमकतो. दिसणारा लोट कमी झाला म्हणजे छाती सुरक्षित झाली असं नाही. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये ठरवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या सूक्ष्म मापात हूडवरच्या ४० आणि १४ मधला फरक माणसाच्या वाट्याला येतो. जिथे धूळ जळणारी आहे तिथे तर तो एका क्षणात येतो. ७ फेब्रुवारी २००८ रोजी जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थच्या इंपीरियल शुगर कारखान्यात साखरेच्या धुळीचे स्फोट होऊन १४ माणसं गेली. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात धूळ ओढणारी यंत्रणा अपुरी आणि नादुरुस्त आढळली. काही डक्ट साखरेच्या धुळीने अंशतः, काही पूर्णच भरलेले होते. वर सांगितलेली १० पासून १७५ पर्यंतची दरी, ती हीच.

म्हणूनच ‘पुली बदलून ब्लोअर पळवा’ या सल्ल्याचा मला राग येतो. हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, दाब वर्गाने आणि वीज घनाने. वीस टक्के हवा जास्त हवी तर वीज त्र्याहत्तर टक्के जास्त. मोटर तापते, पंख्यावर ताण येतो आणि अडथळा होता तिथेच राहतो. आधी ओळ वाचावी. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेचं औद्योगिक वायुवीजनाचं मॅन्युअल १९५१ पासून निघतं आहे. यंत्र नवं असतानाच हे दाब मोजून नोंदवून ठेवावेत, असं सांगणारी शिस्त त्यातून रुजली. ती पहिली ओळ जपलेली नसेल तर पुढचं सगळं वाचन अर्धवट राहतं.

दुरुस्ती होऊन नव्या पिशव्या चढल्या की एक शेवटचं काम उरतं, आणि घाईत तेच चुकतं. कोऱ्या कापडावर थर नाही, त्यामुळे पिशव्यांचा दाब जेमतेम तीसेक मिलिमीटर. ब्लोअरला अडवणारं काही नाही, तो ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा खेचतो आणि पहिल्याच दिवशी बारीक धूळ कापडाच्या पोटात ठोसून बसवतो. ओढ जबरदस्त, सगळे खूश, आणि पिशव्यांचं आयुष्य त्याच दिवशी निम्मं झालेलं. म्हणून सुरुवातीला हवा कमी-जास्त करणारा डॅम्पर आवळायचा, हूडवरचा आकडा ४० च्या वर जाऊ द्यायचा नाही, पल्सिंग बंद ठेवून थर धरू द्यायचा. थर जमेल तसा डॅम्पर थोडा थोडा सोडायचा. डीपी पन्नास-साठवर स्थिरावला की पल्सिंग चालू करायचं, डॅम्परच्या दांड्यावर रंगाने खूण करायची आणि पाचही आकडे तारखेसकट वहीत लिहायचे.